‘याला कशाला आणला?’ : बेसबॉलचा शेवटचा पिचर आणि आपली कमेंट

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं आहे ना’ थोडे कमी केलेत.)

आज क्रिकेट नाही, आज बेसबॉल. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. बेसबॉलमधलं काहीही माहीत नसलं तरी चालेल, कारण आजच्या भागाची सुरुवात ज्या वाक्यानं होतेय ते तुम्ही शंभर वेळा म्हटलंय.

‘अरे, याला कशाला आणला?’

एकोणिसावी ओव्हर. कॅप्टननं चेंडू भलत्याच्याच हातात दिला. सोफ्यावरून आपण ओरडतो, ग्रुपवर टाइप करतो, आणि त्या बिचाऱ्यानं पहिला चेंडू टाकायच्या आधीच आपला निकाल लागलेला असतो. अमेरिकेत हे वाक्य एप्रिल ते ऑक्टोबर जवळपास रोज रात्री म्हटलं जातं. आणि ते ज्याच्यासाठी असतं त्या माणसाला म्हणतात रिलीफ पिचर, किंवा नुसतं रिलीव्हर.

आधी दोन मिनिटं नियम

बेसबॉलमध्ये नऊ इनिंग. प्रत्येक इनिंगमध्ये प्रत्येक टीमचे तीन बॅटर आउट करायचे. म्हणजे मॅच जिंकायला साधारण सत्तावीस आउट लागतात. मॅच सुरू करतो तो स्टार्टर. तो आजकाल पाचसहा इनिंग टाकतो आणि दमतो. तिथून पुढे रिलीव्हर. एका टीममध्ये २६ खेळाडू, त्यात जास्तीत जास्त १३ पिचर, आणि त्यातले सातआठ जण फक्त या कामासाठी.

हे सगळे बसतात बुलपेनमध्ये. बहुतेक स्टेडियममध्ये हे मैदानाच्या कडेला, कुंपणापलीकडे असतं. डगआउटमधून तिथं फोन जातो, एक जण उठतो, हात मोकळा करायला लागतो. आणि गंमत इथं आहे, हे सगळं प्रेक्षकांना दिसतं! क्रिकेटमध्ये पुढची ओव्हर कोण टाकणार ते आयत्या वेळी कळतं. इथं मॅनेजरच्या डोक्यात काय चाललंय ते दहा मिनिटं आधी कळतं. म्हणजे दहा मिनिटं कमेंट करायला मोकळी.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण त्यांच्यामुळेच सगळी भांडणं होतात. एक, बाहेर काढलेला पिचर त्या मॅचमध्ये परत टाकायला येत नाही. आपल्याकडे बुमराहची ओव्हर राखून ठेवता येते, इथं नाही. काढला की काढला. दोन, २०२० पासून असा नियम आहे की आणलेल्या पिचरनं किमान तीन बॅटर तरी खेळवायचे, नाहीतर ती इनिंग तरी संपवायची. म्हणजे चुकीचा माणूस आणला तर लगेच बदलताही येत नाही. बघत बसायचं.

चांगल्या रिलीव्हरला जुन्या काळी ‘फायरमन’ म्हणायचे, आग विझवणारा. दरवर्षीच्या सर्वोत्तम रिलीव्हरला अनेक वर्षं जी ट्रॉफी मिळायची ती चक्क अग्निशमन दलाच्या हेल्मेटच्या आकाराची होती. आणि वाईट रिलीव्हरला फॅन काय म्हणतात? पेट्रोलचा डबा. आग लागलीय, बोलावला कोणाला, तर हा डबा घेऊन आला. आता हे ऐकून हसू येतंच. मलाही येतं. आजचा भाग ‘कमेंट करू नका’ असं सांगणारा नाहीये, हे आधीच सांगते.

जेव्हा ओरडणारे बरोबर होते

४ ऑक्टोबर २०१६. टोरांटो. बाद फेरीत जाण्यासाठीची एकच मॅच, हरला तो घरी. टोरांटो ब्लू जेज विरुद्ध बॉल्टिमोर ओरिओल्स. ओरिओल्सकडे झॅक ब्रिटन नावाचा क्लोजर. क्लोजर म्हणजे शेवटची इनिंग टाकून मॅच बंद करणारा. त्या मोसमात या माणसानं ६७ इनिंग टाकल्या आणि त्याच्या नावावर ‘अर्न्ड’ धावा (फिल्डरच्या चुकांमुळे झालेल्या सोडून) किती लागल्या? चार. त्याला ४७ वेळा आघाडी राखायला दिली, ४७ वेळा त्यानं राखली.

मॅच २–२ अशी बरोबरीत. आठवी गेली, नववी गेली, दहावी गेली. मॅनेजर बक शोवॉल्टर एकामागून एक दुसरे रिलीव्हर आणतोय. ब्रिटन बुलपेनमध्येच. जगभरचे फॅन एकच प्रश्न विचारतायत, ‘ब्रिटन कुठाय?’ अकराव्या इनिंगमध्ये उबाल्डो हिमेनेझ. दोन बॅटर बेसवर. एडविन एन्कार्नासिओननं मारला होमरन. ५–२. मोसम संपला. आणि टीमचा सर्वात चांगला पिचर एकही चेंडू न टाकता घरी गेला.

का असं झालं? कारण ‘सेव्ह’ नावाचा आकडा. १९६९ पासून बेसबॉलमध्ये ही अधिकृत नोंद आहे. साधारण नियम असा की तुमची टीम तीन किंवा कमी धावांनी पुढे असताना तुम्ही येऊन शेवटची इनिंग नीट संपवलीत, तर तुमच्या नावावर एक सेव्ह. कल्पना मुळात शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांची. उद्देश चांगला होता, रिलीव्हरच्या कामाची कुठंतरी नोंद व्हावी. पण झालं काय, की हळूहळू मॅनेजर आकड्याप्रमाणे वागायला लागले. पाहुण्या मैदानावर बरोबरी असेल तर क्लोजर राखून ठेवायचा, आघाडी मिळाली की काढायचा. आता आघाडी मिळालीच नाही तर?

तर त्या रात्री सोफ्यावरून ओरडणारा सामान्य फॅन बरोबर होता, आणि डगआउटमधला अनुभवी माणूस चुकला. पुढच्या काही वर्षांत मॅनेजर मंडळी सर्वात चांगला रिलीव्हर सर्वात अवघड वेळी आणायला जास्त तयार झाली. तेव्हा फॅनला खेळ कळत नाही, असं मी तरी म्हणणार नाही. पण ओरडा कुणावर होता ते बघा. निर्णयावर होता.

आणि जेव्हा मी चुकले

आता माझी गोष्ट. त्याच वर्षी, पुढच्याच महिन्यात. वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, क्लीव्हलँडला. तिथं २ नोव्हेंबरची रात्र, आपल्याकडे ३ नोव्हेंबरची पहाट. मी तेव्हा कॉलेजला, होस्टेलवर. साडेपाचचा गजर लावून, पांघरुणात मोबाइल धरून बघत होते. आमचा एक ग्रुप होता, माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो त्यानं काढलेला. दादामुळेच मला बेसबॉल लागलं.

शिकागो कब्जनी १९०८ नंतर एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकली नव्हती. १०८ वर्षं! आणि आठव्या इनिंगमध्ये ते ६–३ नं पुढे, दोन आउट झालेले. चार आउट हवेत, बस. एक बॅटर बेसवर आला आणि मॅनेजर जो मॅडननं आणला अरोल्डिस चॅपमन. हा माणूस तासाला १०५ मैल, म्हणजे जवळपास १७० किलोमीटर वेगानं चेंडू टाकलेला. मी ग्रुपवर लिहिलं, ‘संपली मॅच.’

पहिल्या बॅटरनं, ब्रँडन गायरनं, डबल मारला. ६–४. मग आला रजय डेव्हिस. हा बेस चोरण्यासाठी प्रसिद्ध, होमरनसाठी नाही. बॅट नेहमीपेक्षा वर, आखूड धरलेली. आणि त्यानं तो चेंडू डावीकडच्या कुंपणावरून जेमतेम बाहेर घातला. ६–६.

मी काय लिहिलं ते आजही त्या ग्रुपवर आहे. ‘घाबरला. मोठ्या मॅचचा माणूसच नाही हा. घरी पाठवा.’ पुढे अजून एक शब्द होता, तो इथं नको.

दोन मिनिटांनी दादाचा मेसेज आला. ‘अगं, आधीच्या दोन मॅचमध्ये किती टाकलेत त्यानं, बघितलंस का?’

नव्हतं बघितलं. मग बघितलं. तीनच दिवसांपूर्वी, पाचव्या मॅचमध्ये चॅपमननं आठ आउट काढले होते, ४२ चेंडू टाकून. क्लोजर एरवी एक इनिंग टाकतो, पंधरा-वीस चेंडू. त्यानंतर सहावी मॅच, म्हणजे आदल्याच रात्री. कब्ज ७–२ नं पुढे, पाच धावांची आघाडी, तरी मॅडननं त्याला सातव्या इनिंगलाच आणला. आणखी २० चेंडू. आणि आता सलग दुसरी रात्र. सातव्या मॅचचे धरून तीन मॅचमध्ये ९७ चेंडू! दुखत्या हातानं कळशी उचलायला सांगायची आणि पाणी सांडलं की तिलाच बोल लावायचे, तसं मी केलं होतं.

तो घाबरला नव्हता, दमला होता. नंतर डिसेंबरमध्ये चॅपमन स्वतःच म्हणाला की सहाव्या मॅचमधला तो वापर त्याला पटला नव्हता. म्हणजे तक्रार करायचीच होती तर ती आदल्या रात्री, पाच धावांची आघाडी असताना, मॅडनविरुद्ध करायची होती. पण आदल्या रात्री जिंकलो होतो ना! जिंकताना कोण हिशेब ठेवतं?

पुढचं ऐका. नवव्या इनिंगला मॅडननं त्यालाच परत पाठवलं. वेग कमी झालेला, मॅच बरोबरीत, एक चूक आणि १०८ ची १०९ वर्षं. त्यानं तिघेच्या तिघे आउट केले. माझ्या लेखी जो ‘मोठ्या मॅचचा माणूस’ नव्हता, त्यानं हे केलं. मग पाऊस आला, १७ मिनिटं खेळ थांबला. दहाव्या इनिंगमध्ये कब्जनी दोन धावा काढल्या. शेवटी क्लीव्हलँडनं एक परत घेतली, आणि शेवटचा आउट काढायला आला माइक माँटगोमेरी. मेजर लीगमध्ये आधी एकही सेव्ह नावावर नसलेला. ८–७. आपल्याकडे तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि माझं पहिलं लेक्चर गेलं होतं.

आणि स्कोअरकार्डवर विजयी पिचर म्हणून नाव कोणाचं? चॅपमनचं! नियमच असा आहे, टीमनं निर्णायक आघाडी घेतली तेव्हा पिचर म्हणून ज्याची नोंद चालू असते त्याला विजय. म्हणजे ज्यानं आघाडी घालवली त्यालाच विजय मिळाला. उलटही होतं बरं का. आधीच्या पिचरनं बेसवर ठेवलेला माणूस नव्या पिचरच्या चेंडूवर घरी पोचला, तर ती धाव आधीच्याच्या नावावर लागते. चॅपमन आल्यावर जी पहिली धाव झाली, ती त्याच्या नावावर नाही, जॉन लेस्टरच्या नावावर. आकडे खोटं बोलत नाहीत, पण अख्खी गोष्टही सांगत नाहीत.

अजून एक. त्याच रात्री क्लीव्हलँडचा अँड्र्यू मिलर, त्या ऑक्टोबरमधला बहुतेक सर्वात भारी रिलीव्हर, त्यालाही डेव्हिड रॉसनं होमरन मारला. रॉस तेव्हा ३९ वर्षांचा, त्याची ती शेवटची मॅच. म्हणजे दोन्हीकडचे सर्वात चांगले, सर्वात जास्त वापरलेले हात एकाच रात्री दमले. मी मात्र एकालाच भित्रा ठरवलं. का? कारण माझी टीम.

ग्रुपवर लिहिणं आणि त्याच्या फोनवर लिहिणं

आता मला सांगा, माझी ती कमेंट चॅपमननं वाचली का? नाही. नऊ जणांचा ग्रुप, मराठीत. त्याला काय फरक पडला? काहीच नाही. पण आता तसं राहिलेलं नाही.

लियाम हेन्ड्रिक्स. ऑस्ट्रेलियाचा रिलीव्हर. जानेवारी २०२३ मध्ये त्यानं सांगितलं की आपल्याला नॉन-हॉजकिन लिम्फोमा आहे, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर. उपचार घेतले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो परत मैदानात उतरला. अख्खं स्टेडियम उभं राहिलं होतं. दोन वर्षांनी, मे २०२५ मध्ये, तोच माणूस बोस्टन रेड सॉक्ससाठी खेळत होता. त्यानं इन्स्टाग्रामवर लिहिलं की लोक त्याला आणि त्याच्या बायकोला जिवे मारायच्या धमक्या देतात. काही जण त्याला लिहितात की तू कॅन्सरनंच मरायला हवा होतास.

एका इनिंगसाठी. आघाडी गेली म्हणून.

याला पैशाची बाजू आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं राज्यांना खेळांवरची बेटिंग सुरू करायची मोकळीक मिळाली. आता फोनवर पैज लागते, मॅच चालू असताना लागते. मग आठव्या इनिंगला येणारा पिचर हा फॅनच्या टीमचा माणूस राहत नाही, त्याच्या पैशाचा रखवालदार होतो. आणि पैसे गेले की त्याच फोनवर दोन टिचक्यांत त्या माणसाचं इनबॉक्स उघडतं. आपल्याकडे पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये कायद्यानं बंदी आली. पण ‘याच्यामुळे माझं नुकसान झालं’ ही सवय काही कायद्यानं जात नाही.

चिडवणं वेगळं

मग काय, गप्प बसायचं? अजिबात नाही. मला आवडणारी एक आठवण सांगते.

मारियानो रिव्हेरा, न्यूयॉर्क यांकीजचा क्लोजर. कारकिर्दीत ६५२ सेव्ह. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी त्याला शंभर टक्के मतं मिळाली, असं आधी कोणाच्याच बाबतीत झालं नव्हतं. तर २००४ मध्ये बोस्टनविरुद्ध यांकीज मालिकेत ३–० नं पुढे. चौथी मॅच, नववी इनिंग, ४–३ आघाडी, रिव्हेरा टाकतोय. संपलीच मॅच, नाही का? पण डेव्ह रॉबर्ट्सनं बेस चोरला, बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरी झाली, बोस्टन ती मॅच जिंकलं, आणि मग पुढच्या तिन्ही जिंकून मालिकाही.

पुढच्या मोसमात, ११ एप्रिल २००५ ला, यांकीज बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये आले. खेळाडूंची नावं पुकारली जात होती. रिव्हेराचं नाव आलं आणि बोस्टनचं पब्लिक उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं, जणू त्यांचाच हिरो. ‘थँक यू रे बाबा, तुझ्यामुळे जिंकलो!’ अस्सल टोमणा. आणि रिव्हेरानं काय केलं? तो हसला आणि टोपी काढून सलाम केला.

याला म्हणतात चिडवणं. यात खेळ आहे, स्मरण आहे, आणि ज्याला चिडवलं त्याला हसायला जागा ठेवलीय. तुमचा टोमणा ऐकून समोरचा हसू शकत असेल तर बिनधास्त मारा.

आपल्याकडेही हे दोन्ही रंग झालेत. २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याला आपल्याच, मुंबईच्याच प्रेक्षकांनी हुर्यो केली. त्यानं वाईट बोलिंग केली म्हणून नव्हे, रोहितच्या जागी कॅप्टन झाला म्हणून. तो निर्णय कोणी घेतला? फ्रँचायझीनं. शिव्या कोणाला? हार्दिकला. मग २९ जूनला बार्बाडोसमध्ये वर्ल्ड कपची फायनल, शेवटच्या ओव्हरमध्ये १६ धावा वाचवायच्या, चेंडू हार्दिकच्या हातात. बेसबॉलच्या भाषेत सांगायचं तर सेव्ह. त्यानं वाचवल्या. ४ जुलैला त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’. छान वाटलं, खरंच. पण मला सारखं वाटत राहिलं, त्या १६ वाचल्या नसत्या तर?

सेंड करायच्या आधी

तर दादानं मला जे शिकवलं ते तुम्हाला देते. पुढच्या वेळी रिलीव्हर असो की एकोणिसाव्या ओव्हरचा बोलर, टाइप करायच्या आधी तीन गोष्टी बघा. एक, तो आला तेव्हा परिस्थिती काय होती, बेसवर माणसं कोणी ठेवली होती? दोन, काल आणि परवा त्यानं किती टाकलेत? तीन, त्याला आणला कोणी? ही तिन्ही उत्तरं फोनवर अर्ध्या मिनिटात मिळतात. आणि गंमत म्हणजे ती मिळाल्यावर तुमची कमेंट जास्त झणझणीत होते, कारण ती बरोबर जागी लागते. ‘घाबरला’ कोणीही लिहील. ‘काल पाच धावांची आघाडी असताना याला कशाला दमवला?’ हे लिहायला खेळ कळावा लागतो.

मग चौथी गोष्ट. ग्रुपवर हवं ते बोला. पण त्या माणसाच्या इनबॉक्समध्ये जाऊ नका. तिथं बुलपेन नाही, कुंपण नाही. तिथं तो घरी बसलाय, बायको शेजारी आहे, आणि उद्या फोन वाजला की त्याला परत तीच इनिंग टाकायला उठायचंय.

माझी ती २०१६ ची कमेंट मी अजून डिलीट केलेली नाही. दर ऑक्टोबरला दादा तिचा स्क्रीनशॉट पाठवतो. खाली फक्त एवढंच लिहितो, ‘काय गं, संपली का मॅच?’

तुमची अशी एखादी कमेंट असेल, जी नंतर गिळावी लागली, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात लावू, नाव न सांगता. भेटूया!